परिचयात नेमकं काय लिहावं?

आबोली

मंडळी, नमस्कार.

गोव्यात मराठीतून लिहिणाऱ्या आम्हा काही जणांमध्ये यंदा एक चांगली पद्धत सुरू झाली. वर्षभरात दुसऱ्याचं जे लेखन मनापासून आवडलं, ते प्रत्येकानं कळवायचं. स्वतःचं नाव सुचवायचं नाही. त्यात माझ्या माटोळीवरच्या लेखमालेला सर्वांत जास्त पसंती मिळाल्याचा निरोप परवा आला. मला खूप आनंद झाला. वाचकांचं कौतुक मोलाचंच असतं, पण एकेका वाक्यापायी स्वतः रात्र घालवणाऱ्यांनी पाठीवर हात ठेवला की अंगात बळ येतं.

पुढच्या महिन्यात फोंड्याला छोटासा मेळावा आहे. त्याच्या पत्रिकेत निवड झालेल्यांचा परिचय छापणार आहेत. त्यासाठी एक नमुना आलाय: पूर्ण नाव, जन्मगाव, कुळदैवत, शिक्षण, पतीचं नाव, व्यवसाय, पुरस्कार. तो पुढ्यात घेऊन बसले आणि पहिल्याच रकान्यापाशी अडले.

आबोली हे माझं टोपणनाव आहे असा बऱ्याच जणांचा समज आहे. ते माझं बारशाला ठेवलेलं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरं नाव लिहिलं गेलं आणि सासरच्या वाड्यावर मी त्याच नावाची झाले. लिहायला लागले तेव्हा हात आपसूक माहेरच्या नावाकडं वळला.

तर मी आबोली. माहेर सत्तरीत, वाळपईच्या पुढं, म्हादईच्या खोऱ्यात. सासर अंत्रुजात, म्हणजे फोंड्याच्या भागात. घरामागं कुळागर आहे. पोफळी, त्यांवर चढलेल्या मिरवेली, मधून पाटाचं पाणी. एका माध्यमिक शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करते. शिक्षण मराठीचं, वनस्पतिशास्त्राचं नाही.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: चवथीला गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, फुलं, शेंगा, वेली बांधतात. ती माटोळी. आंबाडे, तोरिंगं, चिबूड, नारळाची पेंड, सुपारीचे घोस हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कांगलां, घागऱ्या, कवंडाळ, केवणीच्या शेंगा, भिल्लमाडाचे लोंबते घोस ही खरी रानची दौलत. माहेरी वडील आणि काका चवथीच्या आधी रानात जाऊन हे आणायचे. सासरी एका वर्षी चौकटीच्या मधोमध प्लॅस्टिकची सफरचंदं लटकलेली दिसली. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं, कारण तिथं आधी काय बांधत होते हे सांगणारं माणूस घरात उरलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी वही घातली. वस्तूचं नाव, कुठं मिळाली, कुणी ओळखली, एरवी तिचा उपयोग काय. त्या वहीतून लेखमाला झाली.

आता तुम्ही सांगा. परिचयात माणसानं काय सांगावं? यातलं वाचणाऱ्याला काय उपयोगी आणि काय नुसतं रकाने भरायला?

कुळागर

बाय, मनापासून अभिनंदन! आधी देवाला नारळ ठेवा, रकाने मागाहून.

म्हापशेकर

अभिनंदन. पुरुष लेखकांना पाठवलेल्या नमुन्यात ‘पत्नीचं नाव’ असा रकाना आहे का, एवढंच विचारा. असेल तर भरा. नसेल तर कागद परत पाठवा.

पेडण्याचा पाहुणा

म्हापशेकरांशी सहमत. शिवाय कुळदैवत कशाला? लेख वाचायचाय, सोयरीक जुळवायची नाही.

अंत्रुजकार

आबोलीबाय, अभिनंदन. तुमचा केवणीवरचा लेख मी कात्रण करून ठेवलाय.

पाहुण्यांनी कुळदैवताचा प्रश्न उडवून लावला, तो मला तेवढा हलका वाटत नाही. मी निवृत्त शिक्षक, वय झालंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गोव्यात दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘गांव खंयचो?’ आणि दुसरा ‘देव खंयचो?’ याला कारण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलाखालच्या भागात देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा लोकांनी रातोरात मूर्ती हलवल्या. मंगेश कुट्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. जुवारीच्या अलीकडं अंत्रुजात तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती. देवांबरोबर माणसंही फुटली. कुणी इथं राहिलं, कुणी कारवार, मंगळूरपर्यंत गेलं. घर गेलं, शेत गेलं, आडनावंही बदलली. पुढं चुलतभाऊ चुलतभावाला ओळखणार कशावरून? देवावरून. दक्षिण कानड्यातून आलेलं एखादं कुटुंब आजही कवळ्याला उतरतं आणि पिढ्यांपूर्वीचे भाऊबंद शोधतं. हा प्रश्न म्हणजे त्या फुटलेल्या माणसांचा पत्ता आहे. तो पुसून टाकायची घाई करू नका.

रानफूल

अंत्रुजकार काका, तुम्ही लिहिलेला इतिहास खरा आहे आणि तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं ऐकलेलं माणूसही या गोव्यात राहतं.

माझ्या आजीकडच्या बायका देवळाच्या सेवेत होत्या. गाणं आणि नाच हे त्यांचं काम. ‘देव खंयचो?’ असं कुणी विचारलं की आई देवाचं नाव सांगायची, आणि पुढचा प्रश्न यायचा, ‘महाजन?’ म्हणजे देवळाचा हक्क असलेल्या घराण्यातले का. त्यावर ती गप्प राहायची. आम्ही त्या देवाचे होतो, पण देऊळ आमचं नव्हतं. समोरचा मग विषय बदलायचा, बहुतेक वेळा अगदी सभ्यपणानं. तो सभ्यपणा आईला जास्त लागायचा.

म्हणून छापील पत्रिकेत असा रकाना ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. ज्याला सांगायचंय त्यानं आपणहून सांगावं.

आबोलीताई, लेखमाला फार आवडली. नुकतंच वाचून संपवलं.

सांजवात

रानफूल, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. आभार.

अंत्रुजकार

रानफूल, तुमच्या आईंचा अनुभव माझ्या म्हणण्यापेक्षा वजनदार आहे. प्रश्न सक्तीचा नसावा, हे मान्य. माणसानं आपणहून सांगितलं तर त्याला मोल राहावं, एवढंच माझं म्हणणं.

खाजन

यावरून एक आठवलं. ज्यांना समाजानं पत्ता विचारून गप्प केलं, त्याच घरांतल्या माणसांनी गावाचं नाव जगभर नेलं. केसरबाई फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, म्हणून केरकर. मोगूबाई कुर्डीच्या, म्हणून कुर्डीकर. दीनानाथ मंगेशीचे, म्हणून मंगेशकर. १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत केसरबाईंचा आवाज आहे. म्हणजे केरी हे नाव सूर्यमालेच्या पार पोचलंय.

आणि कुर्डी तर साळावली धरणात बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, मे महिन्यात जुने रहिवासी तिथं जमतात. गाव पाण्याखाली, आडनाव मात्र गाण्याच्या इतिहासात कायम. तेव्हा आबोलीताई, परिचयात गाव घालाच, आणि तेही नीट. ‘सत्तरी’ हा सगळा तालुका झाला. वाड्याचं नाव घाला.

पेडण्याचा पाहुणा

@खाजन, सूर्यमालेच्या पार पोचायला पेडण्याला अजून वेळ आहे. सध्या आम्ही पर्वरीच्या वाहतुकीत अडकलोय.

मुंबईतला गोंयकार

😂 पाहुणेबुवा!

आबोलीताई, अभिनंदन. आमच्याकडं डोंबिवलीत गॅलरीच्या गजाला माटोळी बांधतो. आंबाडे गोव्याहून येणाऱ्या गाडीनं मागवतो, बाकी सगळं दादरच्या फुलबाजारातून. एकदा काकडी रात्रीत निसटून थेट उंदराशेजारी पडली. मुलांना वाटलं, नैवेद्य झाला. तुमचा लेख वाचल्यावर कळलं की गाठ सुतळीची नको, केवणीच्या सालीची हवी.

आबोली

सगळ्यांचे आभार. एकेक करून लिहिते.

मुंबईतला गोंयकार, केवणीची साल ओली असतानाच सोलायची, मुळाच्या बाजूनं शेंड्याकडं. वाळली की तुटते. ओली दोरी बांधली की सुकताना आवळत जाते, म्हणून फळ निसटत नाही. सुतळी उलट सैल पडते. आणि जी झुडपं साल देतात, त्यांच्याच पिळवटलेल्या शेंगा वर बांधतात. मराठीत त्यांना मुरुडशेंग म्हणतात, लहान मुलांच्या पोटदुखीवर उगाळून देतात.

म्हापशेकर, आयोजकांना विचारलं. पुरुषांच्या नमुन्यात पत्नीचा रकाना नाही. तसं त्यांना कळवलंय. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, रानात शिडी धरणाऱ्याचं नाव घालायचं असेल तर घाल, पतीच्या रकान्यात नको. मला ते पटलं.

रानफूल, तुमचा प्रतिसाद वाचून कुळदैवताचा रकाना मी कोरा ठेवलाय. माझं दैवत मला प्रिय आहे आणि जत्रेला मी जातेच. पण ज्या कागदावर एकीला नाव लिहिताना हात आखडावा लागतो, त्यावर दुसरीनं ते मिरवू नये.

गणितमास्तर

थोडं वेगळं विचारतो, राग मानू नका. घरी कोंकणी बोलता, रानातल्या वस्तूंची नावं कोंकणी, ज्यांच्याकडून शिकलात त्यांची बोली कोंकणी. मग लेखमाला मराठीत का? परिचयात याचंही उत्तर असावं असं वाटतं.

म्हापशेकर

झालं! आता शंभर प्रतिसाद नक्की.

अंत्रुजकार

मास्तर, आमच्या पिढीपुरतं उत्तर सोपं आहे. मुक्तीनंतर, १९६३ पासून, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. माझ्या गावात शाळा आली ती मराठी. पाटी मराठी, आरती मराठी, भजन मराठी, सकाळी येणारं वर्तमानपत्र मराठी. आई हाक मारायची ती कोंकणीतून. या दोन्हींत भांडण आहे हे मला कुणीतरी बाहेरून सांगितलं. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरालाही त्यात जागा ठेवली गेली. त्यावर किती रण माजलं ते मी पाहिलंय, आणि पुन्हा पेटवायची माझी इच्छा नाही.

आबोली

मास्तर, राग कसला? प्रश्न रास्त आहे.

मी मराठीत लिहिते कारण वाचत वाढले ते मराठी. वाक्य मनात येतं तेच मराठी येतं. वस्तूंची नावं मात्र मी कोंकणीच ठेवली, आणि शक्य तिथं शेजारी सावंतवाडीकडचं किंवा घाटावरचं नाव दिलं. पहिल्या लेखात कुणीतरी सुचवलं होतं की सगळी नावं ‘शुद्ध’ करून घ्या. मी नकार दिला. तायकिळ्याचा टाकळा केला की घाटावरच्या माणसाला कळेल हे खरं, पण आमच्या बाजारात ती जुडी मागायला गेलेल्या मुलीला तायकिळो हाच शब्द लागतो. कोंकणीतून कुणी हे लिहिलं तर माझी वही त्यांच्यासाठी उघडी आहे. दोन जणी घेऊनही गेल्यात.

सांजवात

लेखमालेत खतखत्यावरचा, म्हणजे आमच्या मिश्र भाजीवरचा, लेख येणार होता ना? तेफळं (तिरफळं) कधी घालायची यावर आमच्या घरी दर चवथीला दोन पक्ष पडतात.

कुळागर

वाटपाबरोबर. आणि ठेचून, वाटून नाही.

फातर्प्याची लेक

वाटपाबरोबर?? शेवटी! उकळी आली की घालायची आणि झाकण ठेवायचं. आधी घातली तर वास निघून जातो.

कुळागर

आमच्याकडं गेली कित्येक वर्षं वाटपाबरोबर घालतात, वास शेजारच्या वाड्यावर जातो.

फातर्प्याची लेक

म्हणजे तुमच्या टोपात राहतच नाही, असंच ना? 😄

सांजवात

आमच्या घरचे दोन्ही पक्ष इथं हजर झालेत. आभारी आहे.

रानफूल

परत मूळ विषयाकडं येते. आबोलीताई, लेखमालेत ‘बाजारातल्या म्हावशीनं सांगितलं’ असं बऱ्याच ठिकाणी येतं. ही म्हावशी कोण? तुमचा परिचय छापला जाणार, तिचा?

खाजन

हाच मुद्दा मी मांडणार होतो. रानातल्या वस्तूंचं हे ज्ञान मुख्यतः गावडा, कुणबी, वेळीप, धनगर बायकांकडं आहे. अळमी (रानातली अळंबी) कुठल्या रोयणीवर, म्हणजे वारुळावर, कधी फुटतात, कुठला कंद तीन पाण्यांत उकळावा लागतो, हे पुस्तकात शोधून सापडत नाही. २००३ साली गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातींत घेतलं, कागदावर मान मिळाला. पण त्यांच्या तोंडचं ऐकून लिहिणाऱ्यांचीच नावं पुढं येतात. ताईंबद्दल आकस नाही, त्यांनी निदान ‘म्हावशीनं सांगितलं’ असं लिहिलं तरी. बाकीचे तेही लिहीत नाहीत.

म्हापशेकर

खाजन, इथं मी वेगळं म्हणेन. ऐकून घेणं आणि ते नीट मांडणं हेही कामच आहे. आपण सगळ्यांनीच बाजारात त्या बायकांकडून भाजी घेतली. वही कुणी घातली?

खाजन

वही घातल्याचं श्रेय आहेच. मी दुसऱ्या श्रेयाबद्दल बोलतोय.

आबोली

खाजन, रानफूल, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. या गोष्टीवर मी खूप विचार केलाय.

म्हावशी वाळपईच्या बाजारात बसते. चवथीच्या आधीचे दिवस असले की तिच्यापुढं गोणपाटावर माटोळीचं सगळं सामान मांडलेलं असतं. प्रत्येक वस्तूची छोटी जुडी, आधीच केवणीच्या सालीनं बांधलेली, टोकाला फास ठेवलेला. घरी नेऊन नुसतं चौकटीला अडकवायचं. कळलावीची फुलं ती वेगळी, केळीच्या पानात गुंडाळून ठेवते. लहान मूल बरोबर असलेल्या बाईला ती ते पान देतच नाही. कळलावीच्या कंदात विष असतं, आणि वेल उपटून आणणारे कधी कधी कंदासकट आणतात. म्हावशी वेल खुडते, उपटत नाही. ‘मूळ काडलें जाल्यार फुडल्या वर्सा कितें विकूं?’ असं तिनं मला सांगितलं. लेखमालेत खुडण्याबद्दल मी जे काही लिहिलंय, त्याचा उगम हे वाक्य.

तिचं नाव छापू का, असं मी तिला लेख लिहितानाच विचारलं होतं. ती म्हणाली, ‘नांव कित्याक जाय तुका? सामान व्हर.’ तिनं नको म्हटल्यावर मी छापलं नाही. जिच्याकडून शिकलो तिचं नाव तिच्या मर्जीविरुद्ध छापणं हा मान होत नाही. तिच्या नावानं उद्या कॅमेरे घेऊन लोक बाजारात उभे राहिले तर तिचं गिऱ्हाईक तुटेल, त्याचं काय?

पण परिचयाची गोष्ट वेगळी आहे हे तुमच्यामुळं लक्षात आलं. बाजाराच्या दिवशी जाऊन पुन्हा विचारते.

पेडण्याचा पाहुणा

‘मूळ काडलें जाल्यार फुडल्या वर्सा कितें विकूं?’ हे वाक्य वनखात्याच्या प्रत्येक फलकावर लावावं.

गणितमास्तर

आणि माटोळीच्या स्पर्धांमध्येही. स्पर्धांमुळं विसरलेल्या वस्तू लोकांसमोर आल्या, मुलं नावं पाठ करू लागली, हे फार चांगलं झालं. पण वस्तूंची संख्या वाढवायच्या चढाओढीत एकेका डोंगरावरची झुडपं साफ होतात. आमच्या वाड्यावरची एक टेकडी मी स्वतः पाहिलीय. बक्षीस संख्येवर न देता, वस्तू कुठून आणि कशी आणली याच्या माहितीवर द्यावं.

कुळागर

मास्तर, सहमत. परसात लावलेल्या वस्तूला जास्त गुण द्या. मी गेल्या पावसात कांगलांची वेल कुळागराच्या कडेला लावलीय, धरलीय छान.

आबोली

कुळागर, फळं आली की मला कळवा. माहेरची वेल रस्तारुंदीत गेली, बियाणं हवंय.

मुंबईतला गोंयकार

ताई, बाजाराचा दिवस झाला का? इथं आम्ही सगळे थांबलोय.

आबोली

झाला. आज जाऊन आले.

आता चवथ उलटून गेलेली, त्यामुळं म्हावशीपुढं सुकी मिरची, सोलां आणि थोडी कणगी (कंद) होती. मी नमुन्याचा कागदच नेला होता. तिला वाचून दाखवला. ‘पतीचं नाव’ ऐकून ती हसली आणि शेजारच्या बाईला सांगितलं, तीही हसली. मग मी म्हटलं, माझ्या परिचयात तुझं नाव घालायचंय, तुझ्याकडून शिकले असं लिहायचंय. तिनं मिरचीच्या वाट्यावरची माशी हाकलली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हजें एकटेचें नाका. चरावण्याच्यो बायलो म्हण. सगळ्यो जाणात.’ चरावणे हे सत्तरीतलं गाव.

तर हा मी लिहिलेला परिचय. रकाने बाजूला ठेवलेत:

‘आबोली. जन्म सत्तरीत, घर अंत्रुजात. शाळेच्या ग्रंथालयात काम करते. माटोळीतल्या वस्तूंबद्दल लिहिते. त्या ओळखायला आणि मूळ न काढता खुडायला वडील, काका आणि चरावण्याच्या बायकांनी शिकवलं. वही चालू आहे. कुणाला एखादी वस्तू ठाऊक असेल तर सांगावी.’

कसा वाटतो?

रानफूल

असाच जाऊ द्या. एक शब्दही बदलू नका.

अंत्रुजकार

‘चरावण्याच्या बायका’ वाचून फार बरं वाटलं. आमच्या पिढीनं ज्यांना ‘भाजयेकान्नी’ म्हणून हाक मारली, त्यांचं गाव आम्ही कधी विचारलं नाही. बाय, मेळाव्यात हा परिचय मोठ्यानं वाचायला मला द्या, माझा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

म्हापशेकर

चांगला आहे. एकच आक्षेप: निवड झाल्याचा उल्लेखच नाही! सोबत्यांनी एवढ्या प्रेमानं निवडलं, ते लिहायला हवं. त्यात मोठेपणा मिरवणं नाही.

खाजन

म्हापशेकरांशी पहिल्यांदाच सहमत. तारीख लिहून ठेवतो.

आबोली

म्हापशेकर, बरोबर आहे. शेवटून दुसऱ्या जागी हे वाक्य घालते: ‘या लेखमालेला गोव्यातल्या सहलेखकांची पसंती मिळाली, त्याचा फार आनंद आहे.’

सांजवात

आयोजकांच्या बाजूनं मी कळवते, मीच तो नमुना टंकला होता. कुळदैवत आणि पतीचं नाव हे दोन्ही रकाने काढले. आता सगळ्यांना मोकळ्या ओळी दिल्यात, ज्याला जे लिहायचं ते लिहा. ज्यांनी आधी पाठवलंय त्यांना नवा कागद उद्या जाईल.

आबोलीताई, अजून एक विनंती. भाषणापेक्षा तिथं लहानशी माटोळी बांधून दाखवाल का? चवथ नाही हे ठाऊक आहे, पण मुलं येणार आहेत.

आबोली

दाखवते की! पूजेची नाही, शिकण्याची. या दिवसांत घागऱ्या वाळून वाजायला लागलेल्या असतात, केवणीच्या शेंगा मिळतील, सुपारी आमच्याकडची. तोरिंगं कुणाकडं असतील तर आणा. चौकट मी आणते. छताला हूक आहे का ते बघून ठेवा, आणि उंच शिडी लागेल.

कुळागर

सुपारी काढायची शिडी आहे माझ्याकडं, टेंपोत घालून आणतो. तोरिंगंही.

फातर्प्याची लेक

मी खतखतें आणते. तेफळं शेवटी घातलेलं.

कुळागर

मीही आणतो मग.